‘लग्नानंतर होईल ठीक’ म्हणणाऱ्याकडून औषध घेऊ नकोस

तू नाशिकच्या इंदिरानगरचा, वय २८, आजवर कुणाबद्दलच शारीरिक ओढ वाटलेली नाही, हार्मोनचे रिपोर्ट नॉर्मल आलेत. तरी स्थळ पक्कं व्हायच्या आत घरचे एका क्लिनिकचा ‘कोर्स’ करून घ्यायला सांगतायत आणि तो करू की नको, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर: करू नकोस. मी सिडकोत वाढलो, सातपूरला नोकरी करतो, चाळिशी ओलांडली आहे, आणि असाच कोर्स माझ्यावर झालेला आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. जे भोगलं आणि नंतर जे वाचलं, तेवढंच सांगतो.

एसेक्शुअल म्हणजे कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण न वाटणारा माणूस, हे तू वाचलंयस असं धरून चालतो. एकच फरक पुन्हा सांगतो, कारण दवाखान्यात नेमका तिथेच घोळ होतो. शरीर नीट चालणं वेगळं आणि एखाद्या माणसाकडे बघून ओढ वाटणं वेगळं. पहिलं शाबूत असून दुसरं अजिबात नसू शकतं. प्रेम, सोबत हवीशी वाटणं ही आणखी तिसरीच गोष्ट. ती काहींना हवी असते, काहींना तीही नको असते. आधी इच्छा होती आणि आता गेली, असं असेल तर मात्र थायरॉइड, साखर, नैराश्य, चालू गोळ्या हे सगळं तपासून घ्यायलाच हवं. तुझं तसं दिसत नाही.

आता माझ्यावर कोर्स झाला त्या केंद्राबद्दल. शहरातलं नावाजलेलं होतं, नाव लिहीत नाही. वडील माझ्या शेजारच्याच खुर्चीत. त्यांना बाहेर बसा असं कुणी म्हटलं नाही. सकाळी काय होतं, एकट्याने काय करतोस, हे प्रश्न बापासमोर विचारले गेले आणि मी मान खाली घालून उत्तरं दिली. शेवटी मी म्हटलं, “डॉक्टर, मला त्रास काहीच नाही. मला फक्त तसं वाटत नाही.” ते माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाले, “मुलं लाजतात हो. बार उडवून टाका, सहा महिन्यांत सगळं ठीक होतं.” टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, नॉर्मल असल्याचा रिपोर्ट टेबलावर तसाच पडला होता आणि शेजारी त्याच टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लिहून दिलं जात होतं.

ती चिठ्ठी घरी कालनिर्णयच्या मागे खोचलेली असायची. वर ‘लो डिझायर’, पुढे प्रश्नचिन्ह, खाली इंजेक्शनचं नाव. आत्याने ती वाचली आणि महिन्याभरात भावकीत झालं, ‘पोरात दोष आहे.’ डॉक्टरने टाकलेलं प्रश्नचिन्ह कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आईने त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करवून घेतली. त्या तीन दिवसांबद्दल माझी तक्रार नाही, तिला त्याने धीर आला. राग आहे तो पांढरा कोट घालून बसलेल्या माणसाचा. कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं, शुक्राणूंची संख्या घटते, आणि हे मला तिथे कुणीही सांगितलं नव्हतं. ओढ तर तसूभरही वाढली नाही. तू इंजेक्शन घेतलं असशील तर पुढचं एखाद्या एंडोक्रिनोलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरला, विचारूनच ठरव.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ ला आली. डीएसएम-५ म्हणतात ती. त्यात सरळ लिहिलंय की माणूस स्वतःला एसेक्शुअल म्हणत असेल आणि इच्छा कमी असण्याचं कारण तेच असेल, तर विकाराचं निदान करायचं नाही. शिवाय निदानासाठी त्रास त्या माणसाला स्वतःला व्हायला हवा. आत्याला होणारा त्रास त्यात मोजत नाहीत. मी त्या खुर्चीत बसलो तेव्हा हे पुस्तक येऊन गेलं होतं. ज्याने ही प्रॅक्टिस मांडली त्याने ते उघडून बघायला नको होतं का? कॅनडाचे अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमधल्या १८ हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. त्यात सुमारे १ टक्का लोकांनी आपल्याला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटलं नसल्याचं सांगितलं होतं. तो आकडा जसाच्या तसा नाशिकला लावू नये, पण या गावात तू एकटा आहेस हे डोक्यातून काढून टाक.

बोलायला कुणी हवंच असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघ. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नकोस, नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ गोपनीयतेचं आहे आणि कलम २५ आपले कागद मागण्याच्या हक्काचं. माझ्या वेळी हा कायदा नव्हता. तू एकटा जा, आणि घरच्यांना काय सांगायचं ते तूच ठरवशील हे पहिल्या पाच मिनिटांत बोलून घे.

लग्नाचं. माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून दे. मुलीला न सांगता बोहल्यावर चढू नकोस. समर घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली म्हटलंय की शारीरिक अडचण किंवा रास्त कारण नसताना जोडीदाराने बराच काळ एकतर्फी शरीरसंबंध नाकारले तर ती मानसिक क्रूरता ठरू शकते. म्हणजे उद्या कोर्टात उभं राहायची वेळ तुझ्यावरही येऊ शकते. पण कायदा बाजूला ठेव. ती पोरगी रोज रात्री आपल्यातच काय कमी आहे म्हणून रडत बसेल, त्याचं काय? सगळं माहीत असून कुणी हो म्हटलं तर गोष्ट वेगळी. अशी लग्नं होतात, टिकतात. दिल्लीच्या डॉ. प्रगती सिंग यांनी सुरू केलेला ‘इंडियन एसेस’ हा एसेक्शुअल लोकांचा गट आहे, तिथे अशा जोडीदाराच्या शोधात असलेली माणसंही भेटतात.

घरी सगळ्यांना एकदम सांगायला जाऊ नकोस. एकच माणूस धर. माझ्याकडे मावशी होती. तिला सगळं कळलं असं नाही, पण तिने वडिलांना “पोराला छळू नका आता” एवढं ठणकावून सांगितलं आणि माझी स्थळं बघणं थांबलं. आणि बोलताना ‘मला जमणार नाही’ म्हणू नकोस, ‘मला नकोय’ म्हण. ‘जमणार नाही’ ऐकलं की घरचे पुन्हा डॉक्टर शोधायला लागतात. तारखा काढायच्या आत बोल, हॉलचा ॲडव्हान्स गेला की कुणीच ऐकून घेत नाही.