लेकीला सुपरवायझर करताहेत. हो म्हणू द्यावं का?

पत्र : मी सोलापुरात यंत्रमागावर कामाला आहे. थोरल्या मुलीने हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली. पुण्यातल्या एका फाइन डायनिंग रेस्टॉरंटमध्ये ती आधी स्टुअर्ड, म्हणजे टेबलावर वाढणारी होती, आता कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेऊन स्टुअर्डांवर लक्ष ठेवणारी आहे. मालक तिला सर्व्हिस सुपरवायझर करणार आहेत. पाहुणेमंडळी म्हणतात, शेवटी लोकांची ताटंच उचलायची ना, परत आणा आणि बँकेच्या परीक्षेला बसवा. रात्री बारा वाजता ती खोलीवर पोचते, याचा आम्हा दोघांना घोर आहे. काय करावं?

उत्तर :

नमस्कार. तुमचा घोर रास्त आहे, पाहुण्यांचा सल्ला मला पटत नाही. मुलीने हे पद घ्यावं, पण दोन-तीन गोष्टी लेखी घेऊन मगच.

ती नक्की काय करणार, ते आधी ऐका. दालन उघडण्यापूर्वी सुपरवायझर सगळ्यांना गोळा करून ब्रीफिंग घेते. किचनमध्ये आज काय संपलंय, बुकिंग किती, कुठल्या टेबलावर वाढदिवस आहे, कोण जैन जेवणार, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे. शेवटची गोष्ट तर फार जपायची. आपल्याकडे शेंगाचं कूट घातल्याशिवाय भाजीला चव नाही. पण ज्याला शेंगदाणा सोसत नाही त्याचा घसा काही मिनिटांत सुजतो, जीवावर बेतू शकतं. ‘यात दाणे नाहीत’ हे शेफला विचारल्याशिवाय जेवायला आलेल्या पाहुण्याला सांगायचं नाही, ही सवय नव्या पोरांना तिनेच लावायची.

मग सर्व्हिस सुरू होते. आठ वाजता सगळी टेबलं एकदम बसवली, तर थोड्याच वेळात ऑर्डरींचा ढीग होऊन किचन कोलमडतं. म्हणून बुकिंग पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने द्यायचं. एका टेबलावरच्या सगळ्यांच्या प्लेटा एकदम ठेवल्या गेल्या पाहिजेत. एक कोर्स, म्हणजे जेवणाचा एक टप्पा, संपत आला की पुढच्याचा इशारा किचनला वेळेत गेला पाहिजे, फार आधीही नाही. तुम्ही एकाच वेळी अनेक माग सांभाळता. धागा तुटला की पाठ वळलेली असली तरी तुम्हाला कळतं. तिला तसंच दालन कळावं लागतं. कोण मेन्यू मिटून केव्हाचा बसलाय, कुणी अर्धी प्लेट तशीच बाजूला सारली. पाहुण्याने तक्रार करण्याआधी जी तिथे जाऊन उभी राहते, ती चांगली सुपरवायझर. हे परीक्षेने येत नाही, दालनात उभं राहूनच येतं, आणि तुमच्या मुलीत ते दिसल्याशिवाय मालकांनी तिला विचारलं नसतं.

अवघड भाग वेगळाच आहे. कालपर्यंत खांद्याला खांदा लावून राबलेली माणसं आज तिच्या हाताखाली येतील, काही वयाने मोठीही असतील. ज्यांना ती दादा म्हणते त्यांना दादाच म्हणावं. चूक दिसली तर पाहुण्यांसमोर एक शब्द बोलू नये, सर्व्हिस संपल्यावर बाजूला घेऊन स्पष्ट सांगावं. सेक्शन, म्हणजे कुणी कुठली टेबलं सांभाळायची ते, वाटताना आवडनिवड आणू नये, कारण टिप त्यावर ठरते आणि पोरं सगळ्यात आधी तेच बघतात. सोलापूरच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी कानावर पडत वाढलेल्या मुलीला इथे मोठा फायदा आहे. हॉटेलातला स्टाफ चार प्रांतांतून आलेला असतो.

आता लेखी घ्यायच्या गोष्टी. पहिली, पगार. मूळ पगार किती, भविष्यनिर्वाह निधी कापणार का, आणि सांगितलेल्या आकड्यात सर्व्हिस चार्जचा वाटा किती, हे विचारावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सूचना काढल्या, की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही, तो ग्राहकाच्या मर्जीवर आहे. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा त्या पैशावर घरखर्चाचं गणित बसवू नका.

दुसरी तुमच्या काळजीची. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि तिची सुरक्षितता व दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. म्हणजे रात्रीची गाडी मागताना ती उपकार मागत नाही. गाडी कोणती, किती वाजता, हे नेमणुकीच्या पत्रात येऊ द्या. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कुठे आहे, तिच्यावर कोण आहे, तेही विचारावं. यावर मालक टाळाटाळ करू लागले, तर पद कितीही चांगलं असो, तिने दुसरीकडे अर्ज करावा. अनुभवी कॅप्टनला पुण्यात काम मिळतं.

तिसरी, आठवड्याची सुट्टी. रविवार आणि सणवार तिचे कामातच जाणार. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला ती दरवर्षी येईलच असं धरू नका. आली नाही म्हणून तिला फोनवर बोल लावू नका.

बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत, पण तिने स्वतः त्यांचं नाव काढलेलं तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. या वाटेवर पुढे असिस्टंट मॅनेजर, मग रेस्टॉरंट मॅनेजर. त्यासाठी तिने आतापासून फूड कॉस्ट (पदार्थाच्या मालाला येणारा खर्च), स्टॉक आणि ड्यूटीचा तक्ता लावणं शिकून घ्यावं.

मालकांना उत्तर देण्याआधी तिच्या सुट्टीच्या दिवशी तिच्याशी निवांत बोला. पगार, गाडी, सुट्टी, याच क्रमाने. पत्र हातात आलं की त्याची प्रत मला पाठवा, मी वाचून कळवतो.