वाचकांचे प्रश्न : जुन्या मारुती ८००चं सस्पेन्शन नवं करताना

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. ब्रेक दाबला की पुढून एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडी किंचित डावीकडे ओढते. बारीक खड्ड्यांवर खडखड चालूच असते. पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलून झाले, फरक शून्य. आता काय बदलू? (एक वाचक, कराड)

आता शॉकॲब्सॉर्बरला हात लावू नका, रबर तपासा. या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची एक खासियत मालकांना सहसा कोणी सांगत नाही. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणारा भाग, हा आडवा एकच दांडा आहे. आतल्या टोकाला एक बुश (सांध्यातलं रबर), बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा गोळीचा सांधा). एवढ्यावर चाक मागेपुढे सरकायचं थांबत नाही. ते काम स्टॅबिलायझर बार करतो. त्याचं टोक लोअर आर्ममधून आरपार जातं आणि दोन्ही बाजूंच्या रबरी बुशांमध्ये नटाने आवळलेलं असतं. इतर अनेक गाड्यांत हा बार फक्त वळणावर गाडी कलू देत नाही; इथे तो चाकही जागेवर धरून ठेवतो. बुश झिजले की ब्रेक लागताच चाक मागे सरकतं, ब्रेक सोडला की पुढे येतं. तोच तुमचा ‘टक्’. एका बाजूचे बुश जास्त झिजले असतील तर दोन चाकं सारखी सरकत नाहीत आणि गाडी ओढते. (ओढण्याचं कारण अडकलेला ब्रेक कॅलिपरही असू शकतो. थोडं चालवून दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहा. एक चाक जास्त तापलं असेल तर आधी ब्रेक दुरुस्त करा.)

खात्री करून घेणं सोपं आहे. मोकळ्या सपाट जागी एकाने गाडी अगदी हळू पुढे-मागे करत ब्रेक दाबायचा. दुसऱ्याने बाजूला, गाडीच्या वाटेबाहेर उभं राहून टायर आणि मडगार्डच्या कडेमधलं अंतर पाहायचं. चाक स्पष्ट सरकताना दिसलं तर निदान झालं.

मग गाडी जॅकवर उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचा (स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा उभा एकत्र संच). बॉल जॉइंटपाशी पहारीने हलका दाब देऊन पाहा. त्याचं रबरी टोपण फाटलेलं असेल तर आज खेळ नसला तरी तो बदलायचाच, कारण पाणी आणि माती आत गेलेली असते. चाक डावी-उजवीकडे हलवून खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅककडे बघा.

सामान एकदाच आणा : बारच्या टोकांचे बुश ४, बार बॉडीला धरणारे बुश २, बॉल जॉइंटसह लोअर आर्म २, टाय रॉड एंड सैल असतील तर २, आणि नव्या स्प्लिट पिना (नट सुटू नये म्हणून घालतात त्या). जुनी पिन सरळ करून परत घालू नका. नुसता आतला बुश मिळतो, पण तो प्रेसवर बसवावा लागतो. हातोडीने ठोकलेला बुश तिरका बसतो आणि आर्मचं भोकही बिघडतं. प्रेसची सोय नसेल तर अख्खा आर्म घ्या. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर नवं असूनही कडक होतं. नखाने दाबून पाहा, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर परत करा.

काढताना खोलगट वॉशर कोणत्या तोंडाने बसले होते त्याचा फोटो घ्या. ते उलटे बसले की बुशची कड कापली जाते. बॉल जॉइंटचा बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो जॉइंटच्या खाचेतून जातो. नकलची (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाची) फट स्क्रू ड्रायव्हरने जेमतेम उघडा. जास्त उघडली तर तिथे तडा जातो. नकल बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो आणि दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते शेवटच्या टप्प्यावर. लोअर आर्मच्या आतल्या बुशचा बोल्ट चाक लटकत असताना आवळला, तर बुशमधली नळी त्याच कोनात पकडली जाते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. ‘नवा बुश टिकत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने बसवा, चारही चाकं सारख्या उंचीच्या मजबूत फळ्यांवर टेकवा, गाडी दोन-चारदा दाबून सोडा, आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (जोराने) आवळा.

प्रश्न : नवे शॉकॲब्सॉर्बर वर्षभरात गळायला लागले. माल खराब होता का? (एक वाचक, नाशिक)

असू शकतो, पण आधी बसवणी तपासा. वरचा नट सोडवताना दांडा फिरू नये म्हणून पकडीने धरला असेल तर त्यावर ओरखडा उठतो. मग प्रत्येक खड्ड्याला तो ओरखडा आतल्या सीलवरून घासतो आणि सील कापलं जातं. दांड्याच्या टोकाला पकडायला जागा केलेली असते, तिथेच पाना लावायचा. हवेच्या गनने नट आवळला तर दांडा गरगर फिरतो, त्यानेही सील जातं.

दुसरं कारण म्हणजे जुना बंप स्टॉपर (शॉकॲब्सॉर्बरला तळाला आपटू न देणारा तुकडा) आणि धुळीचं रबरी आवरण न बदलणं. स्टॉपरचा भुगा झालेला असतो. मग भरलेली गाडी खड्ड्यात आपटली की शॉकॲब्सॉर्बर थेट तळाला ठोकतो. स्ट्रट उघडलाच आहे तर स्टॉपर, आवरण आणि वरचं माउंटिंग, तिन्ही दोन्ही बाजूंना नवीन घाला. हे सामान स्ट्रटच्या मानाने स्वस्त असतं आणि मजुरी तीच लागते.

बसवण्याआधी नवा स्ट्रट उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. आडव्या खोक्यात पडून राहिल्याने आत हवा शिरलेली असते, ती निघते. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा मधला नट सोडवू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. कॉम्प्रेसरचे आकडे (हुक) समोरासमोर लावा आणि दोन्हीकडून थोडं थोडं आवळा.

शॉकॲब्सॉर्बरच्या अंगावर नुसती ओलसर धूळ म्हणजे गळती नव्हे. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तरच बदला, आणि तेही जोडीने.

प्रश्न : चौघं बसले की मागची बाजू खाली बसते. स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाकून घेऊ का? (एक वाचक, बार्शी)

नको. बफर दोन वेढ्यांमध्ये अडकतो, तेवढे वेढे काम करायचं थांबतात आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो. गाडी उंच दिसते, पण चाल कडक होते आणि थकलेली स्प्रिंग तुटण्याची शक्यता वाढते. सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. बरीच वर्षं एकट्यानेच चालवलेल्या गाडीत ड्रायव्हरची, म्हणजे उजवी बाजू जास्त बसलेली असते. मागच्या दोन्ही स्प्रिंग बदला, त्याच वेळी त्यांच्या बुडाशी आणि माथ्याशी असणारी रबरंही. शॉकॲब्सॉर्बर बदलून उंची परत येणार नाही. वजन स्प्रिंग पेलते, शॉकॲब्सॉर्बर फक्त तिचं उसळणं आवरतो.

प्रश्न : गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असते. सगळे बोल्ट गंजले आहेत. काम घरी करावं का? (एक वाचक, रत्नागिरी)

सुटे भाग मागवण्याआधी पत्रा तपासा. बॉनेट उघडून स्ट्रट जिथे वर बसतो त्या भागाभोवती, आणि खालून लोअर आर्म आणि स्टॅबिलायझर बारच्या ब्रॅकेटपाशी, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका आणि टोकाने दाबून पाहा. आवाज भरीव यायला हवा. पापुद्रे निघाले किंवा टोक आत गेलं तर आधी चांगल्या वेल्डरकडून तो भाग कापून नवा पत्रा जोडून घ्या. गंजावर पत्र्याचा तुकडा चिकटवून रंग मारणं धोक्याचं आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडीची तपासणी होते, पण ती होवो न होवो, या जागा दर पावसाळ्यानंतर स्वतः बघा.

पत्रा ठीक असेल तर आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. आधी किंचित आवळा, मग सोडवा, पुन्हा आवळा. एका दमात जोर लावला तर बोल्ट तुटतो. लोअर आर्मचा बोल्ट अनेकदा बुशच्या नळीतच जाम झालेला असतो. तेव्हा तो कापावा लागतो, म्हणून नवे बोल्ट-नट आधीच आणून ठेवा. बसवताना बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ हात द्या, रबराला मात्र ग्रीस लागू देऊ नका.

प्रश्न : रबराऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश कसे? (एक वाचक, पुणे)

रोजच्या वापराच्या ८००ला मूळचं रबरच योग्य. बारच्या टोकाला आर्मसोबत तिरकं वाकावं लागतं, कडक बुश ते होऊ देत नाही आणि ताण बॉडीच्या ब्रॅकेटवर जातो.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनीचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) सपाट झालेत. कमान मारून घ्यावी की नवे घ्यावेत? (एक वाचक, दादर)

पाट्याला तडा नसेल आणि पानं झिजून पातळ झाली नसतील तर जाणत्या कारागिराकडून कमान देऊन घेता येते. पण नुसतं थंड ठोकून दिलेली कमान लवकर उतरते. पाटा तापवून, पुन्हा पाणी देऊन घेतलेला टिकतो. दोन्ही बाजू एकत्रच करा. शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला धरणाऱ्या झुलत्या पट्टीचे) बुश, मधला बोल्ट आणि पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घाला. ताणले गेलेले यू-बोल्ट परत वापरले तर ॲक्सल सरकतो. थोडे दिवस चालवून ते एकदा पुन्हा आवळा.

प्रश्न : सगळं बदलल्यावर अलाइनमेंट लगेच करावी का? (एक वाचक, जळगाव)

शे-दोनशे किलोमीटर चालवून, रबर जागेवर बसल्यावर करा. तोवर काम चालावं म्हणून टाय रॉड एंड काढताना किती फेऱ्यांत सुटला ते मोजा आणि नवा तितक्याच फेऱ्या आत घाला. ८००मध्ये फक्त टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या आसाचा कल) जुळवायची सोय कंपनीने दिलेली नाही, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. मशीनवर कॅम्बर दोन बाजूंना बराच वेगळा दिसला तर आर्म, स्ट्रट किंवा नकल वाकलेलं आहे, नाहीतर स्ट्रट आणि नकल जोडणारे दोन बोल्ट सैल आहेत. आधी ते बोल्ट तपासा.