भरतीची वाट पाहणारे बंदर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हिरोशिमा प्रांतातील फुकुयामा शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या तोमोनोउरा या बंदरात चार महिने राहून तेथील जुन्या धक्क्यांचा अभ्यास करण्याची संधी तुला मिळाली, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तू वाचनाची यादी मागितली आहेस. ती पाठवीनच, पण त्याआधी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पहिले पंधरा दिवस घरांची मापे घेऊ नकोस, नकाशे काढू नकोस आणि कोणाची मुलाखतही घेऊ नकोस. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत रोज बंदराच्या पायऱ्यांवर जाऊन बस आणि पाणी कोठपर्यंत चढले, कोठपर्यंत उतरले, एवढेच वहीत टिपून ठेव. त्या गावात तुला जे समजून घ्यायचे आहे ते सगळे एका हलत्या काठावर उभे राहिलेले आहे, आणि तो काठ कसा हलतो हे ठाऊक नसेल तर कोणता दगड कशासाठी बसवला हे ओळखता येत नाही.

हे बंदर तेथेच का झाले, याचे उत्तरही पाण्यातच आहे. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन बेटांच्या मध्ये अडकलेला जो सेतो अंतर्गत समुद्र आहे, त्यात महासागराचे पाणी मुख्यतः दोन वाटांनी शिरते: पश्चिमेकडून बुंगो सामुद्रधुनीतून आणि पूर्वेकडून कीई सामुद्रधुनीतून. भरतीचे हे दोन प्रवाह समुद्राच्या मध्यावर, तोमोनोउराच्या आसपास, एकमेकांना भेटतात आणि ओहोटी लागली की तेथूनच पाठ फिरवून आपापल्या वाटेने परत जातात. शिडाच्या आणि वल्ह्याच्या काळात याचा अर्थ असा होता, की पश्चिमेकडून ओसाकाकडे निघालेले गलबत भरतीबरोबर वाहत तोमोपर्यंत येई, पण तेथून पुढे तीच भरती समोरून अंगावर येत असल्यामुळे त्याला नांगर टाकून थांबावे लागे आणि पाणी उलटले म्हणजे ओहोटीबरोबर पूर्वेकडे निघता येई. पूर्वेकडून येणाऱ्यांचेही तसेच होते. म्हणून या गावाला ‘शिओमाची’चे, म्हणजे भरती-ओहोटीची वाट पाहण्याचे बंदर म्हणत आले आहेत. थांबलेल्या माणसांना पाणी, लाकूडफाटा, जेवण, दारू आणि दुरुस्ती लागते, आणि त्या गरजांवरच गाव वाढले. कोरियाच्या राजाचे दूत एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाता-येताना येथे थांबत आणि फुकुझेन्जी देवळाच्या आवारातील दिवाणखान्यात त्यांना उतरवत असत. 1711 साली आलेल्या दूतमंडळातील एका अधिकाऱ्याने तेथून दिसणाऱ्या बेटांच्या देखाव्याला जपानमधील सर्वांत सुंदर देखावा म्हटले होते. तो अधिकारी तो देखावा इतका वेळ पाहू शकला याचे श्रेय मी तरी थोडेसे भरतीला देतो.

आता पायऱ्यांविषयी. त्यांना तेथे ‘गांगी’ म्हणतात. या शब्दात रानहंसांच्या थव्याची नागमोडी रांग आहे. बंदराच्या अर्धगोलाकार काठाला लागून त्या पाण्यात उतरत जातात, आणि उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, पाण्याची चढ-उतार 4 मीटरच्या आसपास जात असल्यामुळे, पाणी कोठेही असले तरी कोणती ना कोणती पायरी होडीच्या काठाशी येते आणि माल खांद्यावरून उतरवता येतो. सपाट, उंच धक्का बांधला असता तर ओहोटीच्या वेळी होडी एका मजल्याइतकी खाली गेली असती. जवळ बसून पाहशील तर या दगडांवर पट्टे दिसतील. सगळ्यांत वरच्या पायऱ्या कोरड्या आणि फिकट, त्यांच्या खाली काळपट रेघ, मग हिरवे निसरडे शेवाळ, त्याखाली दगडाला घट्ट चिकटलेली धारदार कालवे, आणि अगदी तळाशी, फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडी पडणारी, लोळत पडलेली समुद्री वनस्पती. सगळ्यांत खालचा पट्टा किती उघडा पडला यावरून गावातील जुने लोक चंद्राची स्थिती सांगू शकतात. हिरव्या पट्ट्यावर मात्र पाय ठेवू नकोस, आणि चपला घालून तर मुळीच उतरू नकोस.

तोमोतील माझ्या पहिल्याच महिन्यातील एक चूक सांगतो. ऐन भरतीच्या वेळी एका वृद्ध मच्छीमाराची छोटी होडी बांधण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले आणि आपल्याकडे गाठ कशी पक्की मारतात हे दाखवण्याच्या भरात दोर ताणून, आखूड बांधला. जेवून परत आलो तेव्हा पाणी उतरले होते, दोर तारेसारखा ताठ झाला होता आणि होडी एका बाजूने कलून दगडाला घासत लोंबकळत होती. ते गृहस्थ एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी दोर सोडला, होडी सरळ होऊ दिली आणि मग किती ढिला दोर सोडायचा हे हाताने मोजून मला दोनदा दाखवले. होडी आत्ताच्या पाण्याला नव्हे, सहा तासांनंतरच्या पाण्याला बांधायची असते, हे मी त्या दुपारी शिकलो.

तू कोकणातली आहेस, म्हणून एका मोहापासून तुला सावध करतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, हा आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब तुझ्या आजोबांना तोंडपाठ असेल. तो तेथे जसाच्या तसा लावू नकोस. चंद्र माथ्यावर आल्यानंतर किती वेळाने पाणी भरते, हे प्रत्येक बंदराचे वेगळे असते आणि चोहोबाजूंनी वेढलेल्या समुद्रात तर ते आणखी वेगळे असते. पंधरा दिवसांच्या नोंदींतून तोमोचा हिशेब तू स्वतः काढ आणि मग जपानच्या हवामान संस्थेच्या कोष्टकाशी पडताळून पाहा. जे तत्त्व दोन्हीकडे सारखे आहे ते मात्र सोबत ने: दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणून रोजची वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आपले उधाण म्हणजे त्यांचे ‘ओशिओ’, मोठे पाणी. आपला भांग म्हणजे ‘कोशिओ’, छोटे पाणी. जपानने 1873 साली चांद्र पंचांग सोडून सौर पंचांग स्वीकारले, तरी मच्छीमारांच्या भिंतीवरच्या भरतीच्या कोष्टकात जुन्या पंचांगाची तारीख आणि चंद्राची कला आजही छापलेली असते. त्यांच्या लिपीत सकाळच्या भरतीला एक अक्षर आणि संध्याकाळच्या भरतीला दुसरे आहे: एकात पाण्याच्या खुणेशेजारी ‘सकाळ’ आहे, दुसऱ्यात ‘संध्याकाळ’. ‘शिओदोकी’, म्हणजे पाण्याची वेळ, हा शब्द तर कोणत्याही गोष्टीच्या योग्य वेळेसाठी वापरतात.

गांगी, 1859 साली उभारलेला दगडी दीपस्तंभ, लाटा अडवणारे बांध, पहाऱ्याच्या चौकीची जागा आणि ‘तादेबा’ ही एदो काळातील (1603 ते 1868) बंदराची पाचही अंगे एकत्र टिकलेले हे एकमेव बंदर मानले जाते. दीपस्तंभाचे छायाचित्र सगळेच काढतात. तू तादेबा शोध. भरतीच्या वेळी होडी आत आणून ठेवायची, ओहोटीने ती दगडी फरशीवर बसली की खालून आग पेटवून तिचा तळ भाजायचा, म्हणजे लाकूड पोखरणारे किडे मरतात आणि चिकटलेले शिंपले सुटतात; पुढच्या भरतीने तीच होडी आपोआप पाण्यावर उचलली जाते. ना यारी, ना रहाट: एवढे अवजड काम समुद्राच्या हातून करून घेण्याची ही युक्ती मला आजही दीपस्तंभाहून अधिक मोलाची वाटते.

या काठासाठी गावात मोठा वाद झाला, तो तुला तेथे पदोपदी जाणवेल. गावातील रस्ते इतके अरुंद आहेत की समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीला मागे जावे लागते. म्हणून बंदराचा काही भाग भराव टाकून बुजवायचा आणि तोंडावरून पूल न्यायचा, अशी योजना 1983 मध्ये पुढे आली. रहिवाशांपैकी काही जण न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर 2009 मध्ये हिरोशिमा जिल्हा न्यायालयाने, तेथील देखावा ही जपण्याजोगी सार्वजनिक संपत्ती आहे असे मानून, भरावाच्या परवान्याला मनाई केली. 2012 मध्ये प्रांताच्या राज्यपालांनी ती योजना सोडून डोंगराच्या बाजूने बोगदा काढण्याचा पर्याय पुढे केला, 2016 मध्ये भरावाचा अर्ज मागे घेतला गेला, आणि 2017 मध्ये जुन्या वस्तीला राष्ट्रीय पातळीवर संरक्षित वसाहतीचा दर्जा मिळाला. पूल झाला नाही याचा मला आनंद आहे, हे लपवत नाही. तरी ज्यांना पूल हवा होता तेही याच गावचे होते, रुग्णवाहिका दारापर्यंत यावी असे त्यांना वाटत होते, आणि म्हाताऱ्या माणसांच्या गावात ती मागणी क्षुल्लक नव्हे. दोन्ही बाजूंच्या घरी जा, पण पायऱ्यांवरचे पंधरा दिवस संपल्यावरच.

मासेमारी आता थोडीच उरली आहे. वसंतात अंड्यांसाठी आत येणारा ‘ताई’ मासा हा येथला मानाचा मासा. त्याला अनेक होड्यांनी मिळून वेढून धरण्याची जुनी पद्धत मे महिन्यात पाहुण्यांसाठी करून दाखवतात. रोजच्या ताटात मात्र ‘नेबुतो’ नावाची बोटभर मासळी असते. तिचे डोके बोटाने काढून अख्खी तळतात. हिवाळ्यात दोरीला ओळीने टांगून वाळवलेले पातळ चपटे ‘देबेरा’ मासे दिसतील. ते भाजण्याआधी हातोडीने ठेचतात, आणि त्या ठोक्यांचा आवाज गल्लीत ऐकू आला की जेवणाची वेळ जवळ आली असे समजावे. मच्छीमारांशी बोलताना पाण्याच्या स्वच्छतेचे सरधोपट कौतुक करू नकोस. 1972 साली याच समुद्राच्या पूर्वेकडील हारिमा-नादा भागात लाल भरतीने, म्हणजे पाण्यात माजलेल्या सूक्ष्म शैवालाने, सुमारे 1 कोटी 40 लाख पाळीव हमाची मासे मेले. त्यानंतर 1973 मध्ये खास कायदा झाला आणि सांडपाण्यावर कडक निर्बंध आले. बंदिस्त समुद्र असल्यामुळे भरती-ओहोटी रोज होऊनही आतले पाणी महासागराशी सहजासहजी बदलत नाही. पूर्वी घाण साचत होती तशीच पुढे पोषक द्रव्यांची कमतरताही साचली. पाणी नितळ झाले, पण खाण्याच्या नोरी शेवाळाची पिके फिकी पडू लागली. अखेर 2021 मध्ये कायदा बदलून, गरजेप्रमाणे पोषक द्रव्ये पाण्यात सोडण्याची मुभा द्यावी लागली.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरून शिंपले किंवा समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा समुद्री प्राणी) उचलू नकोस. किनाऱ्याचे हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात, आणि 2020 च्या अखेरीपासून समुद्रकाकडीच्या चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 3 कोटी येनपर्यंत दंड आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उबदार पाणी फुगल्यामुळे समुद्राची सरासरी पातळीच वर असते, त्यात उधाण आणि वादळ एकत्र आले तर पायऱ्या पुऱ्या पडत नाहीत. 30 ऑगस्ट 2004 च्या रात्री समोरच्या शिकोकू किनाऱ्यावर ताकामात्सू शहरात असेच पाणी शिरले होते. वादळाचा इशारा आला की उधाण कधी आहे ते आधी बघ आणि घरमालकीण सांगेल तेव्हा वरच्या मजल्यावर जा.

वही साधी रेघांची घे, कारण ओल्या हाताने गुळगुळीत कागदावर लिहिता येत नाही. रोज चार नोंदी कर: दोन भरतीच्या, दोन ओहोटीच्या, वेळ आणि वरून कितवी पायरी एवढेच. रात्रीच्या नोंदींना कंटाळू नकोस; एकटी मात्र जाऊ नकोस, शेजारच्या कोणाला तरी सांगून जा. पंधरा दिवस झाले की त्या पानांची छायाचित्रे मला पाठव. वाचनाची यादी त्या उत्तरासोबत पाठवीन.

आशीर्वादांसह,
तुझा शिक्षक