जुन्या लॅपटॉपवर फर्निचरची ड्रॉइंग काढायला फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

तुमच्यासारखाच मी पण हौशी, सोलापुरातच राहतो, दिवसा नोकरी आणि रविवारी गच्चीवर सुतारकाम (मे महिन्यात तेही बंद, चाळीसच्या वर पारा असताना कोण रंधा मारणार). तुम्ही म्हणताय लॅपटॉप 4 जीबी रॅमचा आहे, ऑटोकॅड परवडत नाही आणि पहिलं काम पुस्तकांचं कपाट आहे, तर सरळ लिब्रेकॅड टाका. फुकट आहे, लॉगिन नाही, नेट नाही, जुन्या मशीनवर पण मस्त पळतं. हे फक्त टूडी आहे, म्हणजे कागदावरच्यासारखं सपाट ड्रॉइंग, पण कपाट म्हणजे शेवटी चौकोनच की ओ. आधी ड्रॉइंगच्या सेटिंगमध्ये युनिट मिलिमीटर करून घ्या, मग रेघेचा पहिला बिंदू देऊन खाली कमांडच्या ओळीत @600,0 टाकलं की बरोबर 600 मिमीची आडवी रेघ. माऊसने अंदाजे ओढत बसू नका, ती सवय लागली की सुटत नाही.

एकच अडचण, हे फाइल डीएक्सएफमध्ये सेव्ह करतं, डीडब्ल्यूजीमध्ये (ऑटोकॅडची नेहमीची फाइल) नाही. सीएनसीवाल्याला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने कापून देणाऱ्याला) डीएक्सएफ चालतं त्यामुळे घरच्या कामाला काही बिघडत नाही.

स्केचअप (थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) सगळेच सुचवतील. त्याचं फुकटातलं डेस्कटॉप व्हर्जन 'स्केचअप मेक 2017' वरच थांबलं, आता जे फुकट मिळतं ते ब्राउझरमध्ये चालतं आणि तेही फक्त स्वतःच्या वापरापुरतं, गिऱ्हाइकाचं काम त्यात करायचं नाही. शिकायला लई सोपं आहे, बायकोला कपाट कसं दिसणार हे दाखवायला तर एक नंबर, पण लाईट गेली की वायफाय गेलं आणि वायफाय गेलं की तुम्ही पण बसले.

तिसरं फ्रीकॅड, हे पण फुकट आणि थ्रीडी, पण शिकायला जड आहे. पहिले दोन आठवडे शिव्याच द्याल. मी जुन्या व्हर्जनला वैतागून सोडलं होतं कारण आधीचं एक माप बदललं की पुढचं सगळं मोडायचं, 2024 च्या नोव्हेंबरात 1.0 आलं त्यात हा त्रास बराच कमी झालाय. आता मी त्याच्यातच काम करतो, आणि ते एका गोष्टीसाठी: आतच एक्सेलसारखी स्प्रेडशीट आहे, त्यात एका सेलला thickness (जाडी) असं नाव द्यायचं आणि सगळ्या फळ्यांची मापं त्या सेलवर लटकवायची. 18 चा म्हणून आणलेला प्लाय कॅलिपरने मोजला तर बऱ्याचदा 17 पूर्णांक काहीतरी भरतो, वर सनमायका दोन्ही बाजूला 1-1 मिमी, मग तो एक आकडा बदलला की अख्खं कपाट आपोआप दुरुस्त. ड्रॉवरला पण तसंच, बॉल बेअरिंगच्या चॅनेलला (ज्यावर ड्रॉवर सरकतो) दोन्ही बाजूला अर्धा-अर्धा इंच सोडायचा तो पण सेलमध्येच लिहून ठेवा.

आता माझा गाढवपणा सांगतो. 8 बाय 4 ची शीट म्हणजे 2440 बाय 1220, मी हिशेब केला 1220 ला चार भाग, 305 च्या चार फळ्या, एकदम बरोबर! ड्रॉइंग प्रिंट काढून मिस्त्रीमामांकडे गेलो. मामांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मालक, पातं काय हवेत चालतंय व्हय?" प्रत्येक कापाला साधारण एक सूत, म्हणजे 3 मिमी, भुसा होऊन जातो. तीन कापात 9 मिमी गेले, शेवटची फळी 296 भरली. मी म्हणालो मामा मिलिमीटरमध्ये सांगा, ते म्हणाले तुम्ही सुतात शिका. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर दोन्ही मापं असतात, इंचाचे आठ सूत आणि 25.4 मिमी हे पाठ झालंय.

प्रिंटचं पण बघा, टेम्प्लेट चिकटवून कापायचं असेल तर प्रिंटरचं फिट टू पेज (कागदात बसवायला ड्रॉइंग लहान-मोठं करणारी सेटिंग) बंद करा आणि कोपऱ्यात 100 मिमीची एक रेघ काढून ठेवा. झेरॉक्सच्या दुकानात विचारत बसू नका, प्रिंट हातात आली की तिथेच पट्टी लावून मोजा. माझी पहिली 97 आली होती.

तर आज लिब्रेकॅड, कपाट उभं राहिलं की मग फ्रीकॅड. कपाटाची मापं इथं टाका, कटिंगचं गणित मी बघून देतो.