‘किती दिवस आहेस?’ या प्रश्नाला मी काय उत्तर देत होतो

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. सात वर्षं नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला काढून चार महिन्यांपूर्वी जुळे सोलापुरात आईवडिलांकडे आलात. झोप लागत नाही. गल्लीतल्या स्पीकरचा राग आईवर काढलात आणि नंतर बाथरूमचं दार लावून रडलात. हे असंच राहणार का, की सरळ पुण्याला निघून जावं, असं विचारलंय. पण मधेच एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : ‘तिकडची खोली अजून सोडलेली नाही, सहा महिने बघू म्हटलं.’ माझं सगळं उत्तर या एका वाक्याला आहे, कारण अगदी हेच वाक्य मी 2017 साली बोललो होतो.

सप्टेंबर 2008 मध्ये मी जर्मनीत श्टुटगार्टला गेलो आणि एप्रिल 2017 च्या शेवटी परतलो. वडिलांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी एकुलता एक, त्यामुळे यायचं ठरलं. ऊन, धूळ, हॉर्न, दिवसाआड सोडा पण चार-चार दिवसांनी येणारं पाणी, यावर मी काही लिहीत नाही. मे महिन्यात पारा 43-44 वर गेला की इथे जन्म काढलेला माणूसही चिडतो. त्याची सवय परत होते. माझी झाली, तुमचीही होईल.

माझी चूक वेगळीच होती. मी परत आलोय हे मी कुणालाच नीट सांगितलं नाही. घरी नाही, तिथल्या नगरपालिकेला नाही, बँकेला नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही नाही.

जर्मनीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की राहण्याचा परवाना सर्वसाधारणपणे जातो. (परवान्यांचे प्रकार वेगवेगळे आहेत, ब्लू कार्डला, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्याला, मुदत जास्त मिळते. तुमचा देशही वेगळा आहे, तेव्हा तुमचं तुम्ही तपासा.) मी म्हटलं, सहा महिने हातात आहेत, खोली ठेवू, तिथल्या नगरपालिकेत रहिवासी म्हणून असलेलं नाव ठेवू, नाही जमलं तर ऑक्टोबरात परत. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मित्रही म्हणाले, बरोबर केलंस.

झालं काय, तर इथला प्रत्येक वाईट दिवस परत जाण्याच्या बाजूला जमा होऊ लागला. लाईट गेली, ठेव त्या खात्यात. आरटीओत तीन चकरा झाल्या, ठेव. काका जेवताना पगार विचारतात, ठेव. चांगले दिवस मात्र कुठेच जमा होत नव्हते. नव्या पेठेत शाळेतला मित्र भेटला. ‘काय बे, कधी आलास? किती दिवस आहेस?’ मी म्हणालो, ‘बघू.’ तो पुढच्या रविवारी हिप्परग्याच्या तलावावर सगळ्यांना घेऊन जाणार होता, ते त्यानं मला सांगितलंच नाही. का सांगेल? जो चार दिवसांचा पाहुणा आहे त्याला कोण आपल्या रविवारात घेतं? मी मात्र तीन महिने सोलापूरच्या लोकांना कोतं म्हणत बसलो.

आईही शेजारणींना ‘आलाय सुट्टीला’ असंच सांगायची. तिला दुसरं काय सांगता येणार होतं? माझ्यासाठी कपाटातली कोरी चादर काढलेली, लाल-काळी, घडीच्या रेघा न मोडलेली. ती आमच्याकडे पाहुण्यांना देतात. मला पाणी बाटलीतलं, ताटात कडक भाकरी नाही, पोळी. कारण मी पहिल्या आठवड्यात एकदा म्हणालो होतो की दात दुखतोय. कित्येक महिने मी त्या कोऱ्या चादरीत झोपलो, म्हणजे जागा राहिलो, आणि मला ते दिसलं नाही.

ऑक्टोबरात मी गेलो. कारण सांगितलं सामान आवरायचं, मनात होतं राहून बघायचं. इमारतीच्या दारात पत्रांच्या पेट्यांची रांग असते, माझ्या पेटीवर माझं आडनाव अजून होतं. पेटी उघडली तर पत्रं इतकी दाबून भरलेली की वरचं ओढल्यावर फाटलं. निम्मी पत्रं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीची. ती तिथे घरटी द्यावी लागते, टीव्ही असो नसो, तेव्हा महिन्याला 17.50 युरो होती. मी पैसे भरायचे थांबवले होते, पण नगरपालिकेतून नाव काढलं नव्हतं, म्हणजे त्यांच्या लेखी मी तिथेच राहत होतो. थकबाकी, वर दंड. खोलीत बंद हवेचा वास. खिडकीतल्या कुंडीत तुळशीच्या काड्या उरल्या होत्या. ज्या तिघांसाठी मी तिथे परतणार होतो त्यातला एक म्युनिकला गेलेला, एकाला बाळ झालेलं. तो मला स्टेशनजवळ चाळीस मिनिटं भेटला आणि घड्याळ बघत उठला. त्याचं काही चुकलं नाही. त्यानंही विचारलं, ‘किती दिवस आहेस?’

पाच महिने मी दोन्हीकडे पाहुणा होतो.

दुसऱ्या दिवशी घरमालकाला नोटीस दिली. तिथे भाडेकरूला तीन महिने आधी कळवावं लागतं, म्हणजे जानेवारीअखेरपर्यंत भाडं बसलं. मे ते जानेवारी नऊ महिने, 480 युरोनं 4,320 युरो. तेव्हाच्या भावानं सव्वातीन लाख रुपये झाले, आणि त्या खोलीत मी झोपलो नऊ रात्री. नगरपालिकेत जाऊन नाव कमी करायची तजवीज केली. नाव कमी केल्याचा दाखला हातात आला की वीज, इंटरनेट, विमा, वर्गणी सगळं सुटत जातं, तो नसेल तर प्रत्येक जण तुम्हाला तिथेच धरतो. नेदरलँड्समध्येही बारा महिन्यांत आठ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहणार असाल तर तिथल्या नगरपालिकेला कळवणं बंधनकारक आहे, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय. तुम्ही चार महिने घालवलेत.

आता बँक. इथे मी जरा चिडून लिहिणार आहे, समजून घ्या. मी सीए नाही, तुमचा आकडा तुमच्या सीएला दाखवा.

परत कायम राहायला आल्यावर एनआरई आणि एनआरओ खाती, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीची इथली बँक खाती, लगेच निवासी खाती करून घ्यायची असतात. एनआरई ठेवीचं व्याज करमुक्त असतं ते तुम्ही परदेशात राहता म्हणून. राहायला आलात की ती सवलत संपते. ठेव मोडावी लागत नाही, तिचं रूपांतर होतं. परकीय चलन ठेवायचं असेल तर आरएफसी खातं निघतं. बरीच वर्षं बाहेर काढून आलेल्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षं आरएनओआर हा करापुरता निवासी आणि अनिवासी यांच्या मधला दर्जा मिळू शकतो, त्यात परदेशातल्या उत्पन्नावर साधारणपणे इथे कर लागत नाही. पण एनआरई ठेवीचं व्याज हे भारतातलं उत्पन्न, ते त्यात येत नाही. दर्जा संपला की मात्र परदेशातली खाती, शेअर, पेन्शन सगळं आयकर विवरणपत्रात दाखवावं लागतं. त्यासाठी त्यात वेगळा तक्ता असतो, तो रिकामा सोडू नका, त्याचा दंड लाखांत आहे.

यातलं मला तेव्हा अर्धंच माहीत होतं. जूनमध्ये मी शाखेत विचारायला गेलो होतो. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही. काउंटरवरच्या बाईंनी आत पाठवलं, आतल्या साहेबांनी फाईल न उघडता विचारलं, ‘तुम्ही परत जाणार की नाही?’ मी म्हणालो, ‘अजून ठरलं नाही.’ ते म्हणाले, ‘मग राहू द्या की एनआरआय, तुमचाच फायदा आहे. सगळे तसंच ठेवतात.’ चहा मागवला. त्यांच्या शाखेत एनआरआय ठेवी दिसतात, त्यांचं टार्गेट असतं, हे मला फार उशिरा कळलं. डिसेंबरात पुन्हा गेलो, आता पक्कं ठरलंय म्हटलं, तर अर्ज घेतला, पोच दिली नाही आणि अर्ज हरवला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब बदलून गेले होते. फेब्रुवारी 2019 मध्ये जागा घ्यायची म्हणून कागद सीएकडे नेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हे व्याज करमुक्त कसं धरलंत?’ न भरलेला कर, त्यावर दर महिन्याला 1 टक्का व्याज, विवरणपत्र उशिरा भरल्याचे 10,000, सगळं मिळून 90 हजारांच्या वर गेलं. साहेबांचं एक वाक्य, पण सही माझी होती, भरले मीच.

म्हणून अर्ज दोन प्रतींत द्या, दुसरीवर तारीख-शिक्का घ्या, शिक्का देत नसतील तर ईमेलही करा. आणि ‘तुम्ही परत जाणार का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. हे बँकेपुरतं सांगत नाही.

जाता जाता लायसन्सचं. इथलं संपून वर्ष झालं नसेल तर चाचणी न देता नूतनीकरण होतं, वर्ष उलटलं की पुन्हा परीक्षा. आज तारीख बघा. माझ्या आरटीओच्या तीन चकरा लायसन्सपायीच झाल्या.

तुमच्या झोपेबद्दल. मी डॉक्टर नाही, त्यामुळे माझ्या अनुभवावर विसंबू नका. आणखी दोन-तीन आठवडे असंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलतात. तुम्ही काही विचित्र नाही आहात. 1955 मध्ये लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या अभ्यासकानं परदेशात गेलेल्यांच्या मनाचा चढउतार मांडला, इंग्रजी यू सारखा : आधी उत्साह, मग घसरण, मग रुळणं. 1963 मध्ये गुलाहॉर्न दांपत्यानं त्याला दुसरा यू जोडला. परत आल्यावरही तशीच घसरण होते, म्हणून डब्ल्यू. जाताना सगळे सावध करतात, येताना कुणी करत नाही. आपल्या सोलापूरचंच बघा. 1938 मध्ये चीनला गेलेले डॉ. कोटणीस तिकडेच 1942 मध्ये वारले, त्यांचं स्मारक आपण अभिमानानं दाखवतो आणि दाखवावंच. पण परत आलेल्या माणसाला काय म्हणायचं हे आपल्याकडे कुणाला कळत नाही. ‘का आलास? काही झालं का तिकडे?’ एवढंच विचारतात. त्यांच्या मनात वाईट नसतं.

गड्ड्याच्या जत्रेच्या आधी, जानेवारी 2018 च्या पहिल्या आठवड्यात, पहाटे तीनला आईनं माझ्या खांद्याला हलवलं. ‘ऊठ, पाणी आलंय. मोटर लाव, मला वाकवत नाही.’ उजनीचं पाणी रात्री-अपरात्री कधीही येतं, आणि आठ महिने ती एकटी उठत होती, मला उठवत नव्हती. मी हौदाचं झाकण काढलं, पाइप सोडला, पिंपं भरली. शेजारच्या काकू कठड्यावरून म्हणाल्या, ‘अगंबाई, उठवलंस का त्याला?’ आई म्हणाली, ‘मग काय, घरचाच आहे.’ आदल्या आठवड्यात मी तिला नोटीस दिल्याचं आणि नाव काढल्याचं सांगितलं होतं. त्या दिवशी दुपारी चादर बदलली. जुनी, विटलेली, धुऊन मऊ झालेली. मी झोपलो तो संध्याकाळी सहाला उठलो.

पुण्याचं विचारलंत. जावं की नाही हे मी सांगणार नाही, पुण्यात काम असेल तर जरूर जा, अडीचशे किलोमीटर तर आहे. पण तिकडची खोली ठेवून पुण्याला गेलात तर तिसऱ्या ठिकाणी पाहुणे व्हाल. कुणाचं मत वेगळं असेल, ज्यांना खरंच परत जायचंय त्यांनी दार उघडं ठेवावं, त्यात चूक नाही. तुमच्या पोस्टवरून मला तसं वाटलं नाही. तुम्ही वडिलांच्या औषधांच्या वेळा लिहिल्यात.

आज रात्री घरमालकाला मेल पाठवा. आणि आईला सांगा की पाणी आलं की मला उठव. बँकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल तर इथेच सांगा, टाकतो.