पैसे बदकाला की वाघळाला?

प्रश्न : ताई, आमच्या भिशीत वाद पेटलाय. वर्गणीतले थोडे पैसे उरलेत, ते प्राणी वाचवायला द्यायचे ठरलं. आसामचं पांढऱ्या पंखांचं रानबदक की बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं राउटनचं वटवाघूळ? माझं मत बदकाला. वाघळासाठी कोण पैसे सोडणार?
— एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कोणी सोडत नाही, हे खरंच. रंकाळ्यावर बदक दिसलं की आपण पोराला खांद्यावर घेऊन दाखवतो, आणि पन्हाळ्याच्या कोठारात वाघूळ फडफडलं की डोक्यावर पदर घेऊन बाहेर पळतो. वन्यजीव संरक्षण कायदाही तसाच होता. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत फळं खाणारी बहुतेक वाघळं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत 'उपद्रवी' म्हणून बसवलेली. तुमची दोघं मात्र वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत.

दोघांचं दुखणं वेगळं. बदकाला दलदलीचं घनदाट जंगल लागतं, त्यातली शांत डबकी लागतात आणि अंडी घालायला जुन्या झाडाची ढोली. जंगल तुटलं तसं ते आसाम-अरुणाचलपासून सुमात्रापर्यंत तुकड्यातुकड्यांत उरलं. तरी एका विणीत दहाच्या आसपास अंडी घालतं, बंदिस्त जागेत पिलंही काढता आली आहेत. म्हणजे थोडी शिल्लक हातात आहे.

वाघळाकडे ती नाही. १९१२ मध्ये ते भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहेत सापडलं आणि नंतर कित्येक दशकं जगाला त्याचा तेवढाच पत्ता ठाऊक होता. पुढे मेघालयात, कंबोडियात सापडलं खरं. पण भीमगडची वसाहत त्या गुहेवरच टेकलेली, आणि मादीला एका वेळी पिल्लू एकच. कुणी आत धूर केला, शेकोटी पेटवली, तर सगळा डाव एका संध्याकाळी आटोपला. (गुहेत भजी तळणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून बोलते.)

तेव्हा पैसे खुशाल बदकाला द्या. जंगल राखायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. पावती मात्र मागून घ्या. वाघळाला तुमचे पैसे नकोत, गुहेत गर्दी नको एवढंच. खानापूरची सहल ठरली की पोरांना आधी बजावा : गुहेत शिरायचं नाही, तोंडाशी उभं राहून टॉर्च मारायचा नाही. आणि भाऊजी हौसेनं वाट दाखवायला निघाले, तर त्यांनाही.