ब्रिटनला फिजिओथेरपीसाठी येतेयस? आधी प्लेसमेंटचं बघ

मिरजेत बीपीटीची (फिजिओथेरपीच्या पदवीची) इंटर्नशिप संपत आलीय, एजंट ब्रिटनमधली एमएससी सुचवतोय, तिथे प्लेसमेंट, म्हणजे कोर्समधलं प्रत्यक्ष पेशंटसोबतचं प्रशिक्षण, कशी मिळते आणि तिचे पैसे मिळतात का, असं तू विचारलंयस. मी यॉर्कशायरमध्ये फिजिओ आहे, वॉर्डात विद्यार्थी माझ्या हाताखाली शिकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कोर्सचं पूर्ण नाव वाच. प्री-रजिस्ट्रेशन एमएससी बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची, मुळात दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी. तिच्यात सुमारे १००० तासांची प्लेसमेंट असते आणि शेवटी एचसीपीसीकडे, म्हणजे फिजिओंची नोंदणी करणाऱ्या इथल्या संस्थेकडे, नोंदणीला अर्ज करता येतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड फिजिओथेरपी’सारख्या नावाची वर्षभराची एमएससी फिजिओ असलेल्यांसाठी असते. ती करून नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय इथे स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवणं हा गुन्हा आहे. लाखो रुपये भरून आलेल्या मुलींना हे इथे पोचल्यावर कळतं, तेव्हा फार वाईट वाटतं. मान्यताप्राप्त कोर्सची यादी एचसीपीसीच्या साइटवर आहे, ती स्वतः तपास. एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस.

खरं तर तुझ्याकडे बीपीटी आहे, तर भारतातूनच एचसीपीसीला थेट अर्ज करता येतो. मला तरी तुझ्यासाठी हाच रस्ता बरा वाटतो. इंग्रजीसाठी आयईएलटीएस परीक्षा घेतलीस तर एकूण ७ गुण लागतात, कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नको. एचसीपीसीवाले तुझा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव तपासतात. त्यामुळे कॉलेज सोडायच्या आधीच कुठल्या विभागात किती आठवडे, किती तास पोस्टिंग झालं, याचा सही-शिक्क्याचा कागद करून घे. नंतर ऑफिसात खेटे घालणं जिवावर येतं.

तरीही प्री-रजिस्ट्रेशनच करायचं असेल तर प्लेसमेंट विद्यापीठच ठरवतं. पगार नाही. आठवड्याला साधारण ३७.५ तास, काही आठवड्यांचे ब्लॉक: कधी छातीचे पेशंट, कधी न्यूरो रिहॅब (मेंदू-मज्जातंतूंच्या आजारानंतरचं पुनर्वसन), कधी ओपीडी, कधी पेशंटच्या घरी. स्टुडंट व्हिसावरच्या २० तासांच्या कामात हे तास धरत नाहीत, पण त्या आठवड्यांत वर नोकरी रेटायची म्हणजे माणूस पार थकतो. इथल्या विद्यार्थ्यांना सरकारकडून प्रवासखर्च परत मिळतो तसा आपल्याला मिळत नाही, तेव्हा बस-ट्रेनचे पैसे बाजूला ठेव. डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंद आहे का, हे बघणारी) आणि हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्यांच्या लसीचे कागद लागतात.

कामाची पद्धतही वेगळी आहे. आमच्या वॉर्डात मशीन लावणं जवळजवळ नाहीच. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना घरी सोडायचं असेल तर विद्यार्थिनी आधी विचारते: घरात पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला, सोबत कोण राहतं? मग हात लावायची परवानगी घेते, जिन्यावर त्यांच्या एक पायरी खाली उभी राहते, चढउतार करून घेते आणि तेव्हाच्या तेव्हा नोंद लिहिते. आपल्याकडच्या मुलींचं शरीररचनेचं ज्ञान पक्कं असतं. त्यांचे मार्क जातात ते गप्प राहिल्यामुळे. तपासून काय वाटलं, असंच का केलं, हे सीनियरसमोर मोठ्याने सांगावं लागतं. ‘मॅडम सांगतील तसं’ इथे चालत नाही. उलट प्रश्न विचारलास तर कुणी रागावत नाही, ती सवय आत्ताच्या पोस्टिंगमध्येच लावून घे.

आणि जमलं तर गाडी शिकून लायसन्स काढून ये. आपल्या लायसन्सवर इथे पहिले १२ महिने गाडी चालवता येते, घरोघरी जायच्या प्लेसमेंटला त्याचा फार उपयोग होतो.